सुभेदारांनी दाबलेली बातमी

चंद्रशेखर शिंगटे सुभेदार नव्हतेच. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि सुभेदारकी त्यांना नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळाने बहाल केली. नक्की कधी, ते कोणाला आठवत नाही. ऐंशीच्या गणपतीत आरतीचं तबक कोणी धरायचं यावरून दोन डॉक्टरांत जुंपली होती, तेव्हा या माणसाने दोघांना निमूट रांगेत उभं केलं आणि तबक माझ्या हातात दिलं, तेव्हापासून असावं. सुरुवातीला त्यांनी दुरुस्ती करून पाहिली. ‘मी हवालदार होतो’ असं ते चारचौघांत सांगायचे. पण आमच्या डॉक्टर मंडळींना हवालदार म्हटलं की नाक्यावरचा पोलीस आठवायचा, आणि तशा माणसाला पंक्तीत शेजारी घेऊन श्रीखंड खायचं म्हणजे त्यांना जरा जडच जायचं. सुभेदार म्हटलं की कसं पेशवाईतलं वाटतं. शेवटी त्यांनी नाद सोडला.

माझं नाव वैजयंती. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे माणसांबद्दल हळवं होऊन बोलायची मला सवय नाही. सुभेदार शहाण्णवच्या हिवाळ्यात गेले. क्रेमेटोरियमच्या बाहेर ओव्हरकोट घालून उभ्या असलेल्या मंडळींनी त्यांच्या वर्तमानपत्राच्या फार आठवणी काढल्या. ते बंद का पडलं यावरही बोलणं झालं. एक म्हणाला कॉम्प्युटर आले म्हणून, दुसरा म्हणाला त्यांचे डोळे गेले म्हणून, तिसऱ्याने तर कागदाच्या महागाईवर खापर फोडलं. सगळ्यांना खरं कारण माहीत होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. म्हणून मी हे लिहिते आहे.

त्यांचं गाव साताऱ्याकडचं. घरटी एक माणूस फौजेत, अशी तिथली रीत. वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले ते परत आलेच नाहीत. आईने एकुलत्या एका मुलाला वाढवलं आणि अठराचा झाल्यावर तिनेच त्याला भरतीला नेऊन उभं केलं. ज्या फौजेने नवरा गिळला तिथेच पोरगा कशाला घालतेस, असं भावकीने विचारलं, तर म्हणाली, इथे ठेवून तरी काय करू, तुमच्याशी बांधावर भांडायला? मुलगा मॅट्रिक झालेला, डोकं शांत, म्हणून सिग्नल्समध्ये घेतला. वायरलेसच्या सेटवर बसायचं, आलेला निरोप उतरवून घ्यायचा, पुढे पाठवायचा. पासष्टची लढाई त्यांनी पाहिली, एकाहत्तरचीही पाहिली. पासष्टबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. एकाहत्तरचं मात्र आम्ही इतक्या वेळा ऐकलं की पुढचं वाक्य काय येणार हे मंडळातल्या पोरांनासुद्धा पाठ झालं होतं.

ते असं. लढाई सुरू झाली आणि पहिल्या काही दिवसांतच गावाहून तार आली, आई गेली म्हणून. तार पडली त्यांच्या कॅप्टनच्या हातात. सेटवरचा पक्का माणूस ऐन लढाईत खचला तर काय घ्या, असा विचार करून कॅप्टनने ती खिशात ठेवली, आणि लढाई थांबल्यावर, वर आणखी काही दिवस जाऊ देऊन, त्यांना दिली. मधल्या काळात यांनी आईला दोन पत्रं टाकली होती. मी खुशाल आहे, थंडीत गुडघ्याला तेल लावत जा. “मेलेल्या बाईला मी तेल लाव म्हणून सांगत होतो,” असं ते म्हणायचे. “अख्ख्या ब्रिगेडचे निरोप माझ्या हातून जात होते. माझा तेवढा मला दिला नाही.” एवढं झालं की ते कॅप्टनला एक शिवी द्यायचे. बायकामुलं समोर असली तर इंग्रजीत.

इंग्लंडला ते आले बायकोच्या मागून, अठ्ठ्याहत्तर साली. सुप्रभा मिरजेला नर्सिंग शिकलेली, पाच वर्षं आधीच इथे येऊन वॉर्डवर सिस्टर झालेली. तिच्या पगारावर नॉटिंगहॅमच्या स्नेंटन भागात छोटं टेरेस हाउस, म्हणजे रांगेतलं घर, घेतलेलं. नवरा बायकोच्या घरी राहायला आला म्हणून आमच्याकडे कुजबुज झालीच. लोकांच्या तोंडाला काय झाकण असतं? सुभेदारांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी कौन्सिलच्या प्रिंटरूममध्ये नोकरी धरली. नोटिसा, मीटिंगची इतिवृत्तं, कचऱ्याचं बिन कधी बाहेर ठेवायचं त्याची पत्रकं, असलं सगळं ते मशीनवर काढायचे. तिथल्या सुपरवायझरशी त्यांचं जमलं, कारण तोही जुना फौजी होता. त्याने परवानगी दिली की कागद स्वतःचा आणलास तर शिफ्ट संपल्यावर मशीन वापर. त्या परवानगीतून ‘ट्रेंटकाठ’ निघालं.

ट्रेंट ही आमची नदी. ‘ट्रेंटकाठ’ दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी निघायचं, चार पानं, सगळं सुभेदारांच्या हातचं. मराठी टाइपरायटर कुठून आणायचा, म्हणून ते लिहूनच काढायचे. अक्षर टपोरं, एकही खाडाखोड नाही. कोणाकडे भारतातून कोण आलं, लेस्टरला हापूसच्या पेट्या कधी येणार, कोणाच्या मुलीला कुठे ॲडमिशन मिळाली, मंडळाच्या सभेत कोण काय बोललं आणि कोण मधेच उठून गेलं, हे सगळं त्यात यायचं. पोस्टाने ते लीड्सपासून मेडनहेडपर्यंत जायचं. लोक नावं ठेवत वाचायचे, पण शुक्रवारी दुपारपासून लेटरबॉक्सकडे डोळे लावून बसायचे.

भीडभाड हा प्रकार त्यात नव्हता. एका वर्षी मंडळाच्या नाटकात आमचे अध्यक्ष डॉक्टर शशिधर यांनी नायकाचं काम केलं. माणूस भूल देणारा डॉक्टर, आवाज असा मऊ की ऐकतानाच पेशंटला झोप लागावी. ‘ट्रेंटकाठ’मध्ये छापून आलं : नायकाला वारंवार प्रॉम्प्टिंग लागले, प्रॉम्प्टरचा आवाज मात्र स्वच्छ होता. शशिधरराव सहा महिने सुभेदारांशी बोलत नव्हते. सुभेदारांनी त्या सहा महिन्यांतही अंक त्यांच्या घरी नेमाने टाकला.

पण खरा जीव होता तो मरणाच्या बातमीत. आम्ही सगळे इथे, आईबाप तिकडे. कोणाचा फोन यायचा, कोणाची तार यायची, आणि माणूस घरात एकटा रडून दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायचा. शेजारच्या गल्लीतल्या मराठी घराला पत्ता नसायचा. सुभेदारांनी यावर इलाज काढला. मरणाची बातमी कळली की पंधरवड्याची वाट न बघता ते एक पान काढायचे आणि संध्याकाळपर्यंत सायकलवरून घरोघरी टाकून यायचे. मग त्या घरी कोणी ना कोणी पिठलं-भाताचा डबा घेऊन हजर व्हायचं, सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून. माझे वडील गेले तेव्हा माझ्या किचनमध्ये पाच घरचं पिठलं होतं. ‘मरणाची बातमी दाबायची नाही, कोणासाठीही नाही,’ हे ते इतक्या वेळा बजावायचे की आम्ही कंटाळायचो. पण विश्वास होता, आणि तो त्यांनी कमावलेला होता.

आता अलकाबद्दल सांगायला हवं. ती या शशिधररावांची बायको आणि माझी मैत्रीण. जीपी आहे, शेरवुडला तिचा दवाखाना. तिची आई लवकर गेली, तिला आणि तिच्या धाकट्या भावाला, मोहनला, वडिलांनी वाढवलं. ते अण्णा, सांगलीचे निवृत्त हेडमास्तर. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते लेकीकडे राहायला आले आणि इथे त्यांची कोणाशी गट्टी जमावी, तर सुभेदारांशी. दोघं नदीकाठच्या बाकावर बसून तासन् तास गप्पा छाटायचे. परत गेल्यावर अण्णांनी ‘ट्रेंटकाठ’साठी ‘कृष्णाकाठची खबरबात’ लिहून पाठवायला सुरुवात केली. महापुराची पातळी, हळदीचा भाव, कोणत्या आळीत कोण भांडलं. अलका म्हणायची, अण्णा मला दोन ओळी लिहितात आणि सुभेदारांना दोन पानं. ती गमतीत बोलायची, पण थोडं लागायचंही तिला.

अठ्ठ्याऐंशीच्या जून महिन्यात अलकाच्या मुलीचं, रेखाचं लग्न ठरलं. मुलगा मेडनहेडचा, अजय. दोघंही इथेच जन्मलेली. लग्न मात्र अगदी मराठी पद्धतीने, अंतरपाट, मंगलाष्टकं, पंगत आणि सगळं. नॉटिंगहॅमला हॉल घेतला, लंडनहून गुरुजी ठरवले, भारतातून शशिधररावांच्या बहिणी आल्या. अण्णांना ऐंशीव्या वर्षी प्रवास झेपणार नव्हता. त्यांनी नातीला निरोप धाडला होता की अक्षता पडल्या की फोन कर, मी इथून आशीर्वाद देतो.

लग्न शनिवारी. त्याच्या आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी अण्णा सांगलीत गेले. झोपेतच.

मोहनने बहिणीच्या घरी फोन लावला. अलका दवाखान्यात होती, फोन शशिधररावांनी घेतला. पुढचा फोन मोहनने सुभेदारांना केला, कारण अण्णांनी तसं सांगून ठेवलं होतं. सुभेदार त्या दिवशी घरी होते. खूप रडले, असं सुप्रभा सांगते. मग तोंड धुऊन, कोट चढवून अलकाकडे निघाले. आपलं दार उघडतात तो समोर शशिधरराव.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. लग्न आठवड्यावर आलंय. अलकाला हे कळलं तर दहा दिवसांचं सुतक लागणार, म्हणजे कन्यादान होणार नाही. तारीख पुढे ढकलायची तर हॉल नाही, गुरुजी नाहीत, आलेली माणसं परत जायची. शिवाय मुलाकडचे लोक काय म्हणतील? तेव्हा लग्न होऊ द्यावं, रविवारी मी स्वतः तिला सांगतो. मोहनला मी तसं बजावलंय. तुम्ही पान काढू नका आणि कोणाशी बोलू नका.

सुभेदारांनी साफ नकार दिला. ते म्हणाले, बाप गेलाय तिचा, तिला आज कळलं पाहिजे. जायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण शशिधररावांनीही ती एकाहत्तरची गोष्ट आमच्याइतक्याच वेळा ऐकली होती. त्यांनी आपल्या त्या मऊ आवाजात विचारलं, “सुभेदार, तुमच्या कॅप्टनने तेव्हाच तार हातात दिली असती, तर सेट कोणी चालवला असता?”

सुभेदारांना उत्तर सुचलं नाही. सुप्रभा म्हणते, ते कोट अंगात तसाच ठेवून खुर्चीवर बसले, आणि म्हणाले, ठीक आहे, रविवारपर्यंत.

तो आठवडा निभावणं फारसं अवघड गेलं नाही, हीच चीड येण्यासारखी गोष्ट आहे. अलकाने दोनदा सांगलीला फोन लावला, दोन्ही वेळा कोणी उचलला नाही. नवरा म्हणाला, लाइन बंद असेल. सांगलीची लाइन आठवडाभर बंद असण्यात नवल वाटावं असे ते दिवस नव्हते. लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ‘ट्रेंटकाठ’ वेळेवर निघालं. पहिल्या पानावर रेखाच्या लग्नाची बातमी होती, आणि आत ‘कृष्णाकाठची खबरबात’ नव्हती. मला ते जाणवलं, पण टपाल उशिरा आलं असेल म्हणून मी सोडून दिलं.

लग्न छान झालं, ते कबूल करायला हवं. सुभेदार काळा सूट घालून आले होते, एका कडेला उभे होते. पंगतीला बसले, पण जिलबीला हात लावला नाही. अक्षता पडल्यावर अलका धावतच त्यांच्याकडे आली. मी तिथेच कोट ठेवायच्या खोलीपाशी उभी होते. हॉलच्या पॅसेजमध्ये नाणी टाकायचा फोन होता. तिने पन्नास पेन्सच्या नाण्यांनी फुगलेली पर्स त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, सुभेदार, मला आठवडाभर लाइन मिळत नाहीये, तुम्ही सिग्नलवाले, तुमच्या हाताला यश आहे, एवढी सांगली लावून द्या, तोवर मी रेखाला घेऊन येते.

सुभेदारांनी रिसीव्हर कानाला लावला. डायल केल्यासारखी बोटं फिरवली. थोडं थांबले, परत फिरवली. रेखा शालू सावरत आली, तिच्या पाठोपाठ अजय, त्याच्या मुंडावळ्या सारख्या डोळ्यांवर येत होत्या. अलका हात पुसत, हसत, रिसीव्हरकडे बघत उभी. सुभेदारांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि म्हणाले, लागत नाही ताई. अलकाचं तोंड एवढंसं झालं. पण लग्नघरातली आई ती, लगेच सावरली. तुम्हाला नाही लागली म्हणजे आज देवालासुद्धा लागायची नाही, असं म्हणून तिने पर्स परत घेतली आणि रेखाला म्हणाली, उद्या करू, आजोबा कुठे पळून जातायत.

दुसऱ्या दिवशी शशिधररावांनी तिला सांगितलं. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती रडत नव्हती, बॅग भरत होती. सोमवारच्या विमानाने ती निघाली आणि तेराव्याला सांगलीत पोचली.

तिथे तिची आत्या होती, अण्णांची बहीण. म्हातारी पायाने अधू, पण जिभेने धड. तिने अलकाला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, का गं आली नाहीस? अलका म्हणाली, मला कळवलंच नाही, लग्नाला सुतक आलं असतं म्हणून. म्हातारी म्हणाली, “लग्न झालेल्या मुलीला बापाचं तीनच दिवस, बाई. शुक्रवारी गेला, सोमवारी डोक्यावरून पाणी घेतलं असतंस की मोकळी. लग्नाला काय अडत होतं?”

मोहन तिथेच होता. त्याची समजूत अशी की भावोजींना हे ठाऊक असणारच. अलकाला धक्का सोसायचा नाही म्हणून ते सांगू नका म्हणत असतील. आणि जावयाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून त्याने आठवडाभर फोनही उचलला नाही. त्याची तर अण्णांना दोन दिवस बर्फावर ठेवायची तयारी होती. भावोजीच म्हणाले, थांबू नका, उरकून घ्या. म्हणजे ती त्याच रात्रीच्या विमानात बसली असती तर तिला बापाचं तोंड दिसलं असतं, आणि मुलीच्या हळदीला ती परतही आली असती.

आता बोला. शशिधरराव भूलशास्त्रातल्या सगळ्यांत वरच्या परीक्षेपर्यंत शिकलेले, त्यांच्या बहिणी पुण्याच्या, त्यातली एक तर संस्कृतची प्राध्यापक. पण दहा दिवसांचं सुतक एवढंच सगळ्यांच्या कानावर असलेलं. कोणाला किती, हे विचारावं असं एकालाही वाटलं नाही. विचारायचं तरी कोणाला? लंडनच्या गुरुजींना विचारलं तर बातमी फुटणार, आणि आमच्यात सगळ्यांत वडीलधारा माणूस म्हणजे पन्नाशीचे सुभेदार, आणि त्यांनाही ठाऊक नव्हतं. पंचांग घरोघर होतं, पण ते चतुर्थीचा चंद्रोदय बघायला, आणि तोसुद्धा मुंबईचा, इथे ज्याचा काडीचा उपयोग नाही. शेवटच्या पानांवर सुतकाचं सगळं दिलेलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी फार संतापले होते तेव्हा. अजूनही संतापते.

‘ट्रेंटकाठ’चं काय झालं ते इथेच सांगून टाकते. लग्नानंतरचा अंक निघाला नाही. त्याच्या पुढचाही नाही. लोकांनी फोन केले, सुप्रभाने त्यांना बरं नाही असं सांगितलं. मग जुलैअखेर एक पान आलं. त्यावर अण्णांची बातमी होती, ते गेले त्या खऱ्या तारखेसह. खाली लिहिलं होतं : ही बातमी संपादकाला त्याच दिवशी कळली होती. त्याने ती दाबली. यापुढे हे पत्र निघणार नाही. शशिधररावांचं नाव त्यात कुठेही नव्हतं, तरी त्यांना राग आलाच. मंडळातले काही जण म्हणाले, एवढा तमाशा करायची गरज नव्हती. सुभेदार त्यानंतर आठ वर्षं जगले, गणपतीला यायचे, खुर्च्या मांडायचे, सगळ्यांशी नीट बोलायचे. एकाहत्तरची गोष्ट मात्र त्यांच्या तोंडून परत कोणी ऐकली नाही. नवीन आलेल्या लोकांना तर सुभेदार हे त्यांचं आडनावच वाटायचं, ते फौजेत होते हेही माहीत नव्हतं.

ते पान निघायच्या आधी अलका एकदाच त्यांच्या घरी गेली. सांगलीहून येऊन तिला आठवडा झाला होता, आणि सुभेदारांना पहिल्याच दिवशी कळलं होतं हे तिला मोहनकडून समजलं होतं. नवऱ्याशी ती कामापुरतं बोलत होती. मला म्हणाली, गाडी तू चालव, माझ्याने होणार नाही. म्हणून मी बरोबर होते, आणि जे पुढे सांगते ते माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

सुप्रभाने आम्हाला पुढच्या खोलीत बसवलं. सुभेदार उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. अलका रडली नाही, आवाज चढवला नाही. दवाखान्यात पेशंटला विचारतात तसं तिने विचारलं, “त्या दिवशी लाइन लागली नाही, की तुम्ही लावलीच नाही?”

“लावली नाही, ताई.”

ती म्हणाली, नवऱ्याने सांगितलं नाही ते मी समजू शकते. त्याला हॉलची काळजी होती, लोकांची होती, त्याचा स्वभावच तो. पण तुम्ही? तुमच्यावर तर हे बेतलेलं होतं.

सुभेदारांनी आढेवेढे घेतले नाहीत. डॉक्टरांनी काय विचारलं आणि आपल्याला कसं उत्तर सुचलं नाही, ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. म्हणाले, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, कॅप्टनचंही काही चुकलं नसेल. सतरा वर्षं त्याला शिव्या दिल्या, आणि वेळ आली तेव्हा मी तेच केलं.

अलका म्हणाली, “आता सुचतंय का उत्तर? तुमच्या हातात तार पडली असती, तर काय केलं असतं तुम्ही?”

मला वाटलं, याही वेळी त्यांना सुचणार नाही.

“रडलो असतो,” ते म्हणाले. “आणि परत सेटवर बसलो असतो. तिथे दुसरं होतं कोण?”

“मग मी काय वेगळं करणार होते?” अलका म्हणाली. “रडले असते. अण्णांना बघून आले असते. आणि येऊन माझ्या मुलीचं लग्न लावलं असतं.”

सुभेदार तेव्हा कुठे खुर्चीवर बसले. अलकाने कोट घातला, सुप्रभाला येते म्हणाली, आणि आम्ही निघालो.